चिंतेचा जाब कोणाला विचारायचा?

मराठवाड्यातील ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चच्या भक्तसमुदायांमध्ये, सध्या एक वाद वारंवार ऐकू येतो, आणि दर वेळी तो चुकीच्या जागी सुरू होऊन चुकीच्याच जागी संपतो. एका बाजूचे म्हणणे असे की, खरा विश्वास असेल तर चिंता उरतच नाही. ज्याला रात्री झोप लागत नाही, छातीत धडधडते, उद्याच्या विचाराने हातपाय गार पडतात, त्याने उपास-प्रार्थना वाढवावी, कारण त्याचे दुखणे औषधाचे नसून अविश्वासाचे आहे. दुसऱ्या बाजूला बहुधा याच मंडळ्यांत लहानाचे मोठे झालेले आणि आता शहरात शिकणारे किंवा नोकरीला लागलेले तरुण आहेत. ते म्हणतात की चिंता हा मेंदूचा आणि पैशाचा प्रश्न आहे. त्यात येशूला आणणे म्हणजे दुखण्यावर पांघरूण घालणे होय. दोन्ही बाजू पोटतिडकीने बोलतात, पण दोघांच्या मनात एकच समज घट्ट बसलेला आहे: चिंता ही त्या एकट्या माणसाची बाब आहे, आणि तिच्यावरचा इलाज, मग तो प्रार्थनेचा असो वा गोळीचा, त्याने एकट्यानेच करायचा आहे. मला हा समजच मान्य नाही. ख्रिस्ती श्रद्धेत चिंतेवर खरोखरचे उत्तर आहे असे मी मानतो, आणि ते उत्तर म्हणजे चिंताक्रांताच्या भोवतीच्या मंडळीवर टाकलेली जबाबदारी आहे. एखाद्याची चिंता जात नसेल, तर जाब त्याच्या विश्वासाला विचारण्याआधी मंडळीच्या वागण्याला विचारला पाहिजे.

श्रद्धेच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा आधी मान्य करतो. बायबलचे वचन स्पष्ट आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात, डोंगरावरील प्रवचनात, अन्नाची, वस्त्राची आणि उद्याची चिंता करू नका, असे येशू पुन्हापुन्हा सांगतो. पौल कैदेतून फिलिप्पैकरांना लिहिताना कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका म्हणतो, आणि पेत्र आपली सारी चिंता देवावर टाकायला सांगतो. ही वाक्ये त्या काळापुरती होती म्हणून बाजूला सारणाऱ्याकडे ख्रिस्ती म्हणून सांगण्यासारखे फारसे काही उरत नाही. साक्षीही खोट्या नसतात. नवरा गेल्यावर पदरात दोन लेकरे आणि डोक्यावर सोसायटीचे कर्ज असताना जिने रोज पहाटे गुडघे टेकून दिवस काढले, ती बाई ‘प्रार्थनेने मला तारले’ असे म्हणते, तेव्हा तिला खोडून काढण्याचा अधिकार कोणाला आहे? शिवाय ज्या मानसोपचाराकडे आपण बोट दाखवतो, तो आहे कुठे? २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार, आजाराच्या प्रकाराप्रमाणे, देशातील ७० ते ९२ टक्के मानसिक रुग्णांपर्यंत उपचार पोहोचलेलेच नव्हते. लाख लोकसंख्येमागे एक मानसोपचारतज्ज्ञ, हे साधे प्रमाणसुद्धा आपल्या देशाने गाठलेले नाही. जे तज्ज्ञ आहेत ते छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूर अशा ठिकाणी एकवटलेले आहेत. किनवट, जिंतूर किंवा भूम तालुक्यातल्या खेड्यातून तिथवर जायचे म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडते आणि वर गाडीभाडे लागते. प्रार्थना मात्र घरात होते, रात्री दोन वाजताही होते, आणि तिला केसपेपर लागत नाही. गरिबाने तिचा आधार घेतला तर त्याला अडाणी ठरवणे हा शिकलेल्या माणसाचा उद्धटपणा आहे.

वचनाबद्दल माझी काही तक्रार नाही. आपण ते कोणाच्या अंगावर आणि कसे फेकतो, याबद्दल आहे. डोंगरावरील ते प्रवचन ऐकणारे लोक कोण होते? गालीलातले कोळी, कुळे, रोजंदारीवरचे मजूर. डोक्यावर गालीलाचा सत्ताधीश हेरोद अंतिपाचे कर, त्याच्याही वर रोमची सत्ता, आणि कर्ज फिटले नाही तर जमीन जाण्याचे, प्रसंगी स्वतःच गहाण पडण्याचे भय. अशा श्रोत्यांना चिंता करू नका असे सांगणारा माणूस दुसरे काय काय सांगतो, हे पाहिल्याशिवाय त्या एका आज्ञेचा अर्थ लागत नाही. त्याच शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायात द्राक्षमळ्याच्या मजुरांचा दाखला आहे. जालन्याच्या किंवा लातूरच्या मजूर अड्ड्यावर सकाळी दहा वाजून गेले तरी उभ्या असलेल्या माणसाला तो समजावून सांगावा लागणार नाही. दिवस मावळायला तासभर उरलेला असताना मळ्याचा धनी बाजारात जातो, तेव्हाही काही जण रिकामे उभे असतात. का उभे आहात, असे विचारल्यावर ते म्हणतात, आम्हाला कोणी कामावर लावलेच नाही. धनी त्यांना कामावर घेतो आणि संध्याकाळी पूर्ण दिवसाची मजुरी देतो. उद्या काम मिळेल, विश्वास ठेवा, असे सांगून तो त्यांना माघारी धाडत नाही; त्या रात्री घरात चूल पेटेल एवढे त्यांच्या हातावर ठेवतो. चिंता करू नका ही आज्ञा आणि हा दाखला एकाच मुखातून आलेले आहेत. आपण त्यांतली आज्ञा तेवढी पाठ केली आणि मजुरी विसरलो.

याकोबाच्या पत्राने तर हे आडपडदा न ठेवता सांगितले आहे. अंगावर धड वस्त्र नसलेल्या आणि रोजच्या अन्नाला महाग झालेल्या भावाबहिणीला, सुखाने जा, ऊब घ्या, तृप्त व्हा, असे म्हणून जो काहीच देत नाही, त्याच्या बोलण्याचा उपयोग काय, असा प्रश्न तो विचारतो, आणि क्रियेवाचून विश्वास निर्जीव आहे असा निकाल देतो. आपण चिंताग्रस्त माणसाला जे सांगतो ते याहून वेगळे आहे का? बँकेची नोटीस आलेल्या शेतकऱ्याला वचनाची एक ओळ मोबाइलवर पाठवून आपण मोकळे होतो. ज्याची शेती बुडाली त्याला वचन द्यायलाच हवे, पण वचन देणाऱ्याचा हात रिकामा असेल तर त्याने आधी हे पत्र उघडावे.

आणि चिंता हाच अविश्वास असेल, तर गेथशेमाने बागेचे काय करायचे? वधस्तंभाच्या आदल्या रात्री येशू पेत्र, याकोब आणि योहान या तिघांना सोबत घेऊन बागेत जातो आणि माझा जीव मरणप्राय खिन्न झाला आहे असे त्यांना उघड सांगतो. लूक लिहितो की त्याचा घाम रक्ताच्या मोठ्या थेंबांसारखा जमिनीवर पडत होता. देवाच्या पुत्राची ही अवस्था लिहून ठेवताना शुभवर्तमानकारांना लाज वाटली नाही. मग आपल्या मंडळीतल्या एखाद्या बहिणीला घाम फुटतो, श्वास अडकतो, तेव्हा आपल्याला लाज का वाटावी? त्या रात्री येशूने मित्रांकडे मागितले ते एवढेच: इथे राहा आणि माझ्याबरोबर जागे राहा. तो पुन्हापुन्हा उठून त्यांच्याकडे आला आणि दर वेळी ते झोपलेले आढळले. त्या प्रसंगात ठपका कोणावर आहे? व्याकूळ झालेल्यावर एका शब्दाचाही नाही. घटकाभर जागे राहवले नाही त्यांच्यावर आहे. माझे सगळे म्हणणे या एका रात्रीत आले आहे. चिंताक्रांत माणूस बागेत एकटा पडतो तेव्हा शास्त्राचा प्रश्न झोपलेल्या शिष्यांना असतो, आणि आपल्या सभांमधून तो नेमका उलट्या दिशेला विचारला जातो. त्याचा परिणाम असा की, ज्याला आधी एक चिंता होती त्याला आता दोन होतात: मूळची एक, आणि आपल्याला चिंता वाटते म्हणून देव आपल्यावर रुसला असेल ही दुसरी. दुसरी पहिलीपेक्षा जड असते, कारण ती माणसाला मदत मागण्यापासूनच तोडते.

जुन्या करारातला एलीयाही इथे आठवला पाहिजे, आणि दुष्काळ पाहिलेल्या मराठवाड्याने तर तो विशेष जवळचा मानला पाहिजे, कारण त्याची कथा दुष्काळाचीच आहे. वर्षानुवर्षे पाऊस नव्हता. कर्मेल डोंगरावर एलीयाच्या प्रार्थनेनंतर आभाळ भरून आले आणि मुसळधार पाऊस पडला. यानंतर तो सुखी झाला असेल असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात पुढच्याच अध्यायात ईजबेल राणीच्या धमकीने तो जीव घेऊन रानात पळतो, एका झुडुपाखाली बसतो आणि आता पुरे, माझा प्राण घे, अशी विनवणी करतो. इतका मोठा संदेष्टा, नुकताच एवढा चमत्कार पाहिलेला, आणि तरी मरण मागणारा! देव त्याला काय म्हणतो? तुझा विश्वास कुठे गेला, असे नाही. देवदूत त्याला स्पर्श करून उठवतो, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू पुढे ठेवतो. तो खातो, पितो, पुन्हा झोपतो. देवदूत दुसऱ्यांदा येऊन पुन्हा खाऊ घालतो, कारण पुढची वाट तुला झेपणारी नाही असे तो सांगतो. उपदेश फार पुढे, होरेब डोंगरावर येतो. तिथेही मी एकटाच उरलो आहे अशी तक्रार एलीया करतो, तेव्हा त्याला उत्तर म्हणून मिळतो तो अलीशा नावाचा सोबती, आणि तू एकटा नाहीस, देवाशी एकनिष्ठ असे सात हजार अजून शिल्लक आहेत, ही खात्री. झोप, अन्न, पाणी, सोबत, आणि मग शब्द, असा हा क्रम आहे. आमच्या अनेक चंगाई सभांमध्ये, म्हणजे प्रार्थनेने आजार बरे करण्यासाठी भरणाऱ्या सभांमध्ये, शब्दच पहिला असतो आणि शेवटचाही.

औषधांच्या बाबतीत गोलमोल बोलून चालणार नाही, कारण इथे चुकीच्या सल्ल्याने माणसे मोडतात. गोळ्यांची सवय लागते, हा आक्षेप अर्धा खरा आहे. झोपेसाठी आणि तात्पुरत्या शांततेसाठी घेतल्या जाणाऱ्या अल्प्राझोलॅमसारख्या गोळ्यांची, त्या दीर्घकाळ घेतल्या तर, सवय लागू शकते, आणि त्या चिठ्ठीविना दुकानातून आणून खाणे धोक्याचे आहे. पण चिंताविकारावर मुख्यतः ज्या नैराश्यविरोधी गोळ्या दिल्या जातात, त्या या प्रकारच्या नाहीत. त्यांचा गुण दिसायला काही आठवडे लागतात, आणि बंद करायच्या झाल्यास त्या डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे हळूहळू कमी कराव्या लागतात. आता एखाद्या सभेत कोणी उत्साहाने ‘आज गोळ्या फेकून द्या’ असे सांगितले आणि त्या बाईने खरोखर फेकून दिल्या, तर काय होते? थोड्याच दिवसांत चक्कर, मळमळ, चिडचिड, उडालेली झोप, अंगात विजेचा झटका बसल्यासारखे होणे सुरू होते. गोळी एकदम तोडल्याची ही लक्षणे सैतानाचा हल्ला म्हणून वाचली जातात आणि प्रार्थनेचे तास वाढवले जातात. काही वेळा तर दुखणे मनाचेही नसते. थायरॉइड ग्रंथीचे काम प्रमाणाबाहेर वाढले तरी धडधड, थरथर, घाम आणि घाबरेपणा येतो, आणि ते रक्ताच्या एका तपासणीत कळते. हिज्कीया राजाला मी तुला बरे करीन असे वचन देवाने दिले, आणि तरी यशया संदेष्ट्याने त्याच्या गळवावर अंजिरांचा लेप लावायला सांगितला. वचन आणि लेप यांत त्यांना विरोध दिसला नाही. पौलाच्या सोबत्यांमध्ये वैद्य लूक होता, त्याला पौल ‘प्रिय’ म्हणतो. मग आपल्याच काळात हा विरोध कोठून आला?

या प्रश्नावर भारतातच घडलेले एक उदाहरण मला सगळ्यांत बोलके वाटते. ई. स्टॅन्ली जोन्स हे अमेरिकन मेथडिस्ट मिशनरी १९०७ मध्ये भारतात आले आणि काही वर्षांतच कामाच्या व मनाच्या ताणाने कोसळले. मायदेशी विश्रांती घेऊन परतल्यावर ते पुन्हा कोसळले. पुढे लखनौमध्ये प्रार्थना करत असताना आपला सारा भार देवावर सोपवल्याचा अनुभव त्यांना आला, शांती मिळाली, आणि त्यानंतर कित्येक दशके त्यांनी अखंड प्रवास आणि प्रचार केला. प्रार्थनेने चिंता जाते याची याहून मोठी साक्ष आमच्या सभांना कुठून मिळणार? पण याच माणसाने १९५० मध्ये त्याच लखनौत नूर मंझिल हे मानसोपचार केंद्र सुरू केले. मी प्रार्थनेने बरा झालो, तेव्हा तुम्हीही फक्त प्रार्थना करा, असा निष्कर्ष त्यांनी काढला नाही. आपल्याला मिळालेल्या कृपेचा अर्थ त्यांनी दुसऱ्यासाठी डॉक्टर आणणे असा लावला. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजनेही मनोरुग्णासोबत त्याच्या घरच्यांनी राहून उपचारात भाग घेण्याची पद्धत गेल्या शतकाच्या मध्यापासून रुजवली. साखळ्या आणि कुलुपे हाच जिथे उपचार समजला जात होता, त्या काळात ही गोष्ट लहान नव्हती. एकटे सोडायचे नाही, हा तिथेही गाभा आहे.

तरीही एक कठीण प्रश्न उरतो. प्रार्थना झाली, औषध झाले, मंडळीने साथ दिली, आणि चिंता गेलीच नाही तर? अठराव्या शतकातील इंग्रज कवी विल्यम कूपर हा असाच माणूस होता. तो श्रद्धावान होता, त्याची गीते आजही चर्चमध्ये गायली जातात, आणि तरी देवाने आपल्याला कायमचे टाकून दिले आहे ही भीती १८०० मधील त्याच्या मृत्यूपर्यंत त्याच्या मनातून पूर्णपणे निघाली नाही. त्याने आत्महत्येचेही प्रयत्न केले. १७७३ मध्ये तो पुन्हा कोसळला तेव्हा ओल्नी गावचे पाळक जॉन न्यूटन यांनी त्याला आपल्या घरी ठेवून घेतले आणि वर्षाहून अधिक काळ सांभाळले. न्यूटन यांची श्रद्धा कमी पडली म्हणून कूपर बरा झाला नाही, असे कोणी म्हणेल का? किंवा तो बरा झाला नाही म्हणून ते वर्ष वाया गेले? माझ्या मते ते वर्ष हेच ख्रिस्ती उत्तर होते. बरे करणे मंडळीच्या हातात नाही. एकमेकांची ओझी वाहा, एवढेच तिला सांगितले आहे, आणि ओझे जड आहे किंवा उतरत नाही म्हणून ते टाकून द्यायची मुभा त्या आज्ञेत कुठेही नाही.

आता दुसऱ्या बाजूकडे वळतो. तिचा मुद्दाही तितकाच गंभीर आहे. मराठवाड्यातल्या चिंतेची मुळे आभाळात आणि बाजारात आहेत, असे हे तरुण सांगतात, आणि ते खोटे नाही. कपाशीला बोंडअळी, सोयाबीनला भाव नाही, २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. बीडकडची कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन सहा-सहा महिने ऊसतोडीला जातात आणि त्या उचलीचा हिशेब डोक्यावर घेऊनच झोपतात. अशा माणसाला प्रार्थना शिकवणे म्हणजे अन्यायावर फुंकर घालून तो सुसह्य करणे नव्हे काय? हा आरोप मला टोचतो, आणि अनेक ठिकाणी तो आमच्यावर लागूही होतो.

पण या प्रदेशातल्या ख्रिस्ती श्रद्धेचा उगम पाहिला तर चित्र वेगळे दिसते. १८४३ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले नारायण शेषाद्री पुढे निजामाच्या राज्यातल्या जालन्यात आले. ज्या दलित कुटुंबांमध्ये, विशेषतः मातंग समाजामध्ये, त्यांनी काम केले, त्यांच्यासाठी त्यांनी केवळ प्रार्थनामंदिर उभारले नाही. निजाम सरकारकडून जमीन मिळवून जालन्याजवळ बेथेल हे गावच वसवले. गावकुसाबाहेर, दुसऱ्याच्या मर्जीवर आणि दुसऱ्याच्या विहिरीवर जगणाऱ्या माणसाची चिंता काय असते हे त्यांनी ओळखले होते, म्हणून त्यांच्या सुवार्तेबरोबर शेत, पाणी, शाळा आणि स्वतःचा म्हणता येईल असा उंबरठा आला. बेथेलमध्ये कोणी चिंता करू नका असे वचन वाचले असेल, तर ऐकणाऱ्याच्या पायाखाली जमीन होती. तो वारसा आपण ‘विश्वास ठेवा, सर्व ठीक होईल’ एवढ्यावर आणून ठेवला असेल, तर तरुणांचा राग रास्त आहे. मात्र तो राग श्रद्धेने आपला शब्द न पाळल्याबद्दल असायला हवा.

शिवाय पैशाचा प्रश्न सुटला की चिंता सुटते, हे गृहीत तरी कितपत टिकते? एलीया पाऊस पडल्यानंतर खचला, हे विसरून चालणार नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादकडच्या लोकांना नवी घरे मिळाली, पण दगडी भिंतीखाली झोपायचे भय अनेकांच्या मनात पुढे कितीतरी वर्षे राहिले. कर्जमाफी झाली तरी लेकराच्या आजारपणाची, आपल्या मरणाची, केलेल्या चुकीची आणि कोणाला सांगता येत नाही अशा अपराधाची चिंता शिल्लक राहते, आणि ती बीडच्या ऊसतोड मजुराला जशी असते तशीच संभाजीनगरच्या प्राध्यापकाला असते. भाव मिळाला पाहिजे, त्यासाठी भांडले पाहिजे. पण भाव मिळेपर्यंतची रात्र काढायची कशी? राजकीय लढा दहा वर्षे चालतो, आणि घाबरलेल्या माणसाला आज पहाटेपर्यंत जगायचे असते. क्षमा मिळू शकते, मरण हा शेवट नाही, आणि ज्याच्या हातात हे सारे आहे तो आपल्याला नावाने ओळखतो, हे ख्रिस्ती माणसाचे म्हणणे कोणत्याही योजनेत बसत नाही, म्हणून ते निरुपयोगी ठरत नाही. मी स्वतः ते खरे मानतो. माझ्या परिचयाच्या कितीतरी माणसांना याच विश्वासाने तारलेले मी पाहिले आहे.

सगळी चिंता वाईटच असते, असेही नाही. जालना जिल्ह्यातल्या जांबची ती जुनी आख्यायिका घराघरांत माहीत आहे: अंधारात दडून बसलेल्या लहानग्या नारायणाला आईने काय करतोस असे विचारले, तेव्हा पुढे समर्थ रामदास झालेला तो मुलगा म्हणाला, चिंता करितो विश्वाची. पौलही कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका असे लिहितो, आणि करिंथकरांना लिहिताना सर्व मंडळ्यांच्या चिंतेचा भार रोज आपल्यावर आहे अशी कबुलीही देतो. ही विसंगती नव्हे. स्वतःच्या उद्याभोवती फिरणारी चिंता माणसाला गोठवते. दुसऱ्याच्या आजच्या भुकेची काळजी त्याला चालते करते, आणि पहिली दुसरीत बदलते तेव्हा श्रद्धेचे काम झालेले असते. पंडिता रमाबाईंनी १८७०च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील आणि बहीण गमावली, स्वतः उपाशी वणवण केली. त्या आठवणीने त्या आयुष्यभर भेदरून राहिल्या असत्या तरी कोणी दोष दिला नसता. १८९६ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा त्या तिकडे गेल्या, उपाशी मुलींना आणि विधवांना केडगावला घेऊन आल्या, आणि त्यातून मुक्ती सदन वाढले. भुकेची भीती त्यांच्यात होतीच. तिने तोंड मात्र दुसऱ्याकडे वळवले होते.

मंडळीबाहेरून येणारा आणखी एक आक्षेप थोडक्यात घेतो: दुःखी माणसाला प्रार्थनेला बोलावणे हे धर्मांतराचे जाळे आहे, असा. घाबरलेल्या माणसाकडून मदतीच्या बदल्यात श्रद्धा मागणे हे पाप आहे, असे मी निःसंकोच म्हणतो, आणि जिथे असे होत असेल तिथे आपणच ते थांबवले पाहिजे. येशूने दहा कुष्ठरोग्यांना बरे केले तेव्हा एकच परत आला. उरलेल्या नऊ जणांचे आरोग्य त्याने काढून घेतले नाही. पण या भीतीपोटी शेजाऱ्याच्या रात्रीची विचारपूसच करायची नाही, हा उपाय असू शकत नाही.

मग मंडळीने करायचे काय? सुगीच्या उपासनेत आलेल्या धान्याच्या आणि कोंबड्या-फळांच्या लिलावाची रक्कम बहुतेक ठिकाणी इमारतीच्या खर्चात जाते. तिचा ठरावीक भाग कर्जाच्या हप्त्यात अडकलेल्या घरासाठी आणि दवाखान्याच्या गाडीभाड्यासाठी बाजूला काढता येईल. प्रेषितांच्या काळातली मंडळी विधवांच्या रोजच्या वाटपावरून भांडली होती, कारण ते वाटप ती खरोखर करत होती. पाळकसाहेबांनी व्यासपीठावरून एकदा स्वच्छ सांगावे की, डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणी गोळी बंद करणार नाही. १४४१६ हा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा सरकारी क्रमांक २०२२ पासून सुरू आहे, आणि शेतकरी कुटुंबांच्या समुपदेशनासाठी राज्याचा प्रेरणा प्रकल्प २०१५ पासून आहे. हे दोन्ही वचनांच्या फलकाशेजारी लिहायला काय हरकत आहे? साक्षीच्या वेळी ज्याची चिंता गेली त्यालाच उभे राहायला सांगू नये. मी अजून औषध घेतो, मला अजून भीती वाटते, आणि मी अजून प्रार्थना करतो, असे म्हणणाऱ्यालाही तितक्याच मोठ्या आवाजात हालेलूया मिळायला हवे.

यासाठी माणसे कुठून आणायची, असे विचारले जाईल. ती आपल्याकडेच आहेत, फक्त दोन बाजूंना वाटली गेली आहेत. कोणाच्या घरात रात्री दिवा जळतो, कोणाचा मुलगा पंधरा दिवस घराबाहेर पडला नाही, कोण उपासनेच्या शेवटच्या बाकावरून लवकर उठून जाते, हे मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना आणि महिला मंडळाला बरोबर ठाऊक असते. संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात किंवा अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयात केसपेपर कुठे काढायचा, मानसोपचार विभाग कोणत्या मजल्यावर आहे, डॉक्टरांना काय सांगायचे आणि काय विचारायचे, हे श्रद्धेवर रागावून दूर गेलेल्या तरुणांना ठाऊक आहे. वडीलधाऱ्यांनी नाव सांगावे आणि तरुणांनी सोबत जावे.